बाई पॉज घेत नसत

मला बाईंची भीती वाटायची. अशा लेखात लोक आदर, जिव्हाळा वगैरे शब्द आधी घालतात. माझ्याकडेही ते आहेत, पण खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात भीतीच.

तसा मी मुळातच घाबरट. लिफ्टला घाबरतो, अनोळखी नंबरच्या फोनला घाबरतो, न्हाव्याने वस्तरा मानेपाशी आणला की त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत बसतो, म्हणजे तो खूश राहील. आणि पोटापाण्यासाठी करतो काय, तर वर्तकनगरच्या एका दुकानातर्फे सोसायट्यांना आग विझवायचे लाल सिलिंडर विकतो. लोकांना घाबरवणं हाच धंदा. त्यातही मी कच्चा. एका सोसायटीत प्रात्यक्षिक दाखवताना नळी उलटी धरली आणि हळदीकुंकवाला निघालेल्या चेअरमनच्या बायकोला डोक्यापासून पायापर्यंत पांढरी करून टाकली. तेव्हापासून प्रात्यक्षिकाला मी जरा लांबच उभा राहतो.

बाई सहा वर्षं आमच्या शेजारच्या खोलीत राहत होत्या. ठाकुर्लीत, स्टेशनपासून आठ मिनिटांवर, चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली, पलीकडे आमची. आमच्या म्हणजे मी आणि आई. बाईंनी आयुष्यभर डोंबिवलीत टायपिंगचा क्लास चालवला. कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, पण बोटं बंद पडली नाहीत. बोलताना टेबलावर, कठड्यावर, समोरच्याच्या खांद्यावरसुद्धा त्यांची बोटं टकटकत राहायची. लग्न केलेलं नव्हतं. कडक खळीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, असा सत्तरीतला वेष. बूट कशाला, असं आईने एकदा विचारलेलं. "वेळ आली तर पटकन एक्झिट घेता आली पाहिजे," हे उत्तर ऐकून आईने पुन्हा काही विचारलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक सिनेमा होता. जुना, काळा-पांढरा, इंग्रजी, विनोदी. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, कारण बाईंच्या पेनड्राइव्हवर सुरुवातीची पाटीच कापली गेलेली आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. एक श्रीमंत घरातली पळून आलेली मुलगी, तिचा नवरा असल्याचं सोंग घ्यावं लागलेला एक बावळट घड्याळ-विक्रेता, एक हॉटेल, त्या हॉटेलला नऊ दारं, आणि एक बदक. सगळे एकमेकांचं वाक्य संपायच्या आत बोलतात. दर दोन मिनिटांनी कोणीतरी एका दारातून आत जातं आणि नको तो माणूस दुसऱ्या दारातून बाहेर येतो.

एकोणीस वर्षांच्या असताना बाईंनी तो कल्याणच्या एका टॉकीजमध्ये मॅटिनीला पाहिला. सलग सात दिवस पाहिला. "घरी आमचे दादा बोलायला लागले की सगळ्या बायका गप्प," त्या सांगायच्या. "आणि तिथे पडद्यावर ती पोरगी! तो बोलायला तोंड उघडतोय तोवर हिचं उत्तर देऊन झालंय! मला वाटलं, असं चालतं? मग मी का थांबते?" त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत.

दर रविवारी दुपारी जेवण झालं की बाई तो सिनेमा लावायच्या. भिंतीपलीकडून इंग्रजीचा नुसता मारा ऐकू यायचा, मध्येच बदक, मग बाईंचं हसणं. मला महिन्यातून एकदा तरी समोर बसवायच्या. माझं इंग्रजी म्हणजे सिलिंडरवर छापलेलं तेवढं. मी अंदाजाने हसायचो. बाई लगेच सिनेमा थांबवायच्या.

"का हसलास?"

"ते पडले ना, म्हणून."

"तो पडलेला नाही. त्याने मागणी घातलीय. ती बाई रडतेय, बघ नीट."

पुन्हा मागे. पुन्हा पहिल्यापासून. मला घाम फुटायचा. शाळेतल्या गणिताच्या सरांनंतर इतकं मला कोणी घाबरवलेलं नाही.

त्यांचा एक सिद्धांत होता. "पॉज घ्यायचा नाही. पॉजमध्ये माणूस विचार करतो आणि विचार केला की घाबरतो. तू घाबरट नाहीयेस रे, तू स्लो आहेस." हे मला तरी लागू पडलं नाही. मी भरभर बोललो तर भरभर घाबरतो.

दुसरा सिद्धांत दारांचा. त्यांच्या मते त्या सिनेमात खरं काम नटांनी केलेलंच नाही, दारांनी केलंय. "एक जरी दार अडलं ना, तर अख्खा सीन मेला." म्हणून शिवणाच्या मशीनची तेलाची कुपी घेऊन बाई पंधरा दिवसांनी स्वतःच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायच्या. मग आमच्या. मग मजल्यावरच्या सगळ्यांच्या. पुढे पुढे अख्ख्या इमारतीच्या. कुठलं दार किती उघडतं, कुठलं कुरकुरतं, कुठलं खाली घासतं, हे त्यांना पाठ. त्यामुळे आमच्या इमारतीत एकही दार वाजत नसे, आणि मी ओट्यापाशी उभा राहून दुधावरची साय खात असताना मागून आवाज यायचा, "आईसाठी ठेव थोडी." माझ्या हातून पातेलं दोनदा पडलंय.

माझं लग्न मोडलं तेही बाईंमुळे. मुलीकडचे डोंबिवलीहून आलेले. पोहे झाले, मुलगी-मुलगा एकटे बोलू देत असं झालं, आणि बाई दारात. "बोलून काय कळतं? भांडून बघा दहा मिनिटं. सिनेमात ती दोघं पहिल्या भेटीत भांडली नसती तर शेवटी एकत्र आली असती का?" मुलीला आयडिया आवडली. आम्ही भांडायला बसलो. विषय बाईंनीच दिला, चहात आलं घालावं की नाही. मुलगी म्हणाली, घालू नये. मी म्हटलं, बरं. दहा मिनिटांपैकी साडेनऊ मिनिटं उरली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगा चांगला आहे पण त्याला भांडता येत नाही. आईने बाईंशी आठवडाभर अबोला धरला. बाईंच्या ते लक्षातच आलं नाही, कारण दोघींचं बोलणं त्या एकट्याच करायच्या.

आता इमारतीबद्दल. इमारतीबद्दल सांगायचं मी टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

खोल्या पागडीच्या. म्हणजे मालक वेगळा, पण खोली आपली. आणि आपली कुठवर, तर आपण तिच्यात बसून आहोत तोवर. पालिकेची माणसं दर मे महिन्यात येऊन 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवून जायची. भाडेकरू संघाचे अध्यक्ष, दुसऱ्या मजल्यावरचे काका, त्याच आठवड्यात तिच्यावर सत्यनारायणाच्या पूजेचं आमंत्रण चिकटवायचे. सगळ्यांना वाटायचं, नोटीस मालकच आणवतो. एकदा बाहेर पडलो की परत कोण आत घेतंय? आमची आईसुद्धा म्हणायची, "मी गावाला एकटीने गेले नाही कधी, ती आता खोली सोडून जाणार होय? मला चौघांनी उचलून नेलं तरच." गॅलरीतून हातभर प्लास्टर खाली आलं तरी लोक म्हणायचे, जुनी वास्तू आहे, बोलते. मला ते बोलणं पावसाळ्यात रात्रभर ऐकू यायचं. पण मी काय, मी पालीलाही घाबरतो. माझं कोण मनावर घेणार?

त्या रविवारी दुपारी सगळी इमारत जेवून आडवी झालेली. तळमजल्यावर कोळीण मावशीकडे कालवणाला कोलंबी होती, तो वास चौथ्या मजल्यापर्यंत गेलेला. सिनेमा चालू होता. बदकाचा सीन संपला आणि भिंतीपलीकडून धाड धाड आवाज यायला लागले. मी बाहेर गेलो. बाई आतून दार ओढत होत्या.

"ढकल! उघडत नाहीये!"

मी खांदा लावला. तिसऱ्या धडकेला दार उघडलं आणि मी बाईंच्या टीव्हीपर्यंत गेलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. चौकट आणि दार यांच्यामध्ये एका बाजूला बोटभर फट होती, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

"काल तेल घातलंय मी याला," त्या म्हणाल्या. "काल हे करंगळीने उघडत होतं."

मग त्या जिन्याच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे गेल्या. अडलेलं. बरोब्बर खालच्या मजल्यावरचं संडासाचं दार, तेही अडलेलं. जिन्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला वरून खाली चीर गेलेली होती आणि तिच्यातून पीठ गाळल्यासारखी बारीक भुकटी पडत होती. थांबत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर पडत होती.

"दारं वाकडी झालेली नाहीत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "इमारत वाकतेय."

हळू आवाजात! सहा वर्षांत पहिल्यांदा.

आणि मी काय केलं? शिकवलंय तेच केलं. अग्निशमन दलाला फोन लावला. गाडी निघतेय म्हणाले, पण पुलावर ट्रॅफिक आहे. मग इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'इमारत तात्काळ रिकामी करावी. घाबरून जाऊ नये.' खाली माझं नाव आणि हुद्दा.

अर्ध्या मिनिटात अध्यक्ष काकांचं उत्तर आलं: 'मालकाने किती दिले?' त्याखाली अकरा जणांचे अंगठे. वरच्या मजल्यावर कड्या लागल्याचे आवाज आले. एक, दोन, तीन. लोक बाहेर येण्याऐवजी आतून कड्या लावत होते. मी लोकांना कोंडून घेतलं होतं. माझ्या सगळ्या गाढवपणांत हा पहिला नंबर.

मी आमच्या खोलीकडे धावलो. आई भांडी घासत होती. "आई, चल खाली. आत्ता."

"तू पण सामील का त्यांना?" आई म्हणाली आणि तिने नळ मोठा सोडला.

मागून बाईंनी माझं मनगट धरलं आणि मला बाहेर ओढलं. "सूचनेला कोणी उठणार नाही. ही माणसं एकाच गोष्टीला बाहेर येतात. तू माझ्याशी भांड."

"काय?"

"भांडण! हॉटेल रिकामं करायला ती पोरगी काय करते? जिन्यात भांडते. मोठ्याने बोल, आणि चालत राहा. चल."

आणि बाई जिना चढायला लागल्या. वर! मी खाली ओढत होतो. "बाई, खाली, खाली जायचंय..."

"चौथ्या मजल्यावरची माणसं काय उडी मारून येणार? वरून सुरुवात करायची."

त्या बारा पायऱ्या मी कशा चढलो हे मला सांगता येणार नाही. प्रत्येक पायरीवर मला खालचा खांब दिसत होता. चौथ्या मजल्यावर पोचलो, बाईंनी एक श्वास घेतला आणि जो आवाज काढला तो मी त्यांच्याकडून कधी ऐकलेला नव्हता.

"लग्न केलंयस तू माझ्याशी! रजिस्टर! कल्याणला! आणि आता आईला सांगायला घाबरतोस?"

मी मेलो. इमारत पडायच्या आधीच मेलो.

"बाई, काहीतरीच काय..."

"ऐका! लग्न झालं तरी बाईच म्हणतोय!"

एक कडी निघाली. मग दुसरी. एक डोकं बाहेर आलं. "कोणाचं लग्न?" "टायपिंगवालीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सिलिंडरशी." "काय सांगतेस! थांब, ह्यांना उठवते." बाई टकाटक बोलत खाली निघाल्या, माझं मनगट त्यांच्या मुठीत. कुठल्या तारखेला, साक्षीदार कोण, मी कुठला शर्ट घातलेला, मधुचंद्राला माथेरानला नेतो म्हणून कसं फसवलं. मी मधून मधून "नाही हो", "खोटंय" असं म्हणत होतो, आणि मी जितकं नाही म्हणत होतो तितकी लोकांची खात्री पटत होती. मागून चपलांचा आवाज वाढत गेला. कडेवर पोरं, हातात पोळी, एकाच्या तोंडात टूथब्रश, दुपारी तीन वाजता.

तिसऱ्या मजल्यावर आई दारात उभी. हात साबणाने भरलेले.

"सासूबाई," बाई म्हणाल्या, "विचारा याला! पण इथे नको, समोर मैदानात चला. चारचौघांसमोर होऊन जाऊ दे!"

आई खोलीबाहेर आली. दार उघडं टाकून आली. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या मजल्यावर अध्यक्ष काका लुंगी सावरत, "हे इमारतीच्या नावाला शोभतं का?" म्हणत सगळ्यांच्या पुढे झाले. तळमजल्यावरून कोळीण मावशी कोलंबीचा टोप घेऊनच निघाली. "काय झायलं रं? म्हातारीला फसवलास व्हय?" फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून मैदानात. अख्खी इमारत माझ्याभोवती गोल करून उभी. मी डोकी मोजत होतो आणि पुन्हा पुन्हा चुकत होतो. शेवटी जमलं. सगळे होते.

इमारत मात्र तशीच उभी होती. उन्हात, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. जणू काही झालंच नाही.

आणि बाईंना दम लागला. पहिल्यांदाच. त्यांच्या तोंडून शब्द येईना, नुसती छाती वरखाली. पॉज पडला. तो पॉज मी विसरणार नाही. गर्दी सैल व्हायला लागली. एक बाई म्हणाली, "मी गॅसवर दूध ठेवून आले गं." कोणीतरी म्हणालं, चला, नवरा-बायको बघून घेतील. चार जण रस्त्याकडे वळलेसुद्धा. त्यात आईही होती. "घरी ये, मग बघते," म्हणाली आणि चालायला लागली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला भांडता येत नाही, हे लेखी नसलं तरी डोंबिवलीत सगळ्यांना माहीत आहे. पण आई फाटकापाशी पोचत होती.

"मला तुमची भीती वाटते!" मी ओरडलो. "सहा वर्षं झाली! ओट्यापाशी साय खाऊ देत नाही तुम्ही मला! भुतासारख्या येता! तो सिनेमा मला कळत नाही, बाई, एक शब्द कळत नाही! मी अंदाजाने हसतो! माझं लग्न मोडलंत तुम्ही! मला आलं घातलेलाच चहा आवडतो! तेव्हा म्हणायचं होतं मला, पण तुम्ही बघत होतात!"

सगळे परत फिरले. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून असेल. आईही थबकली, आणि मग तरातरा परत येऊन बाईंच्या समोर उभी राहिली. "ते लग्न मोडल्याचं मला पण बोलायचंच होतं," ती म्हणाली. "आज बोलतेच." आणि सुरू झाली. मला माहीतच नव्हतं आईच्या पोटात एवढं साचलेलं. बाईंच्या रविवारच्या आवाजाने दुपारी झोप लागत नाही इथपासून ते बाई कधी कोणाचं ऐकून घेत नाहीत इथपर्यंत. बाई ऐकत होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. गर्दी हलली नाही.

आईची इमारतीकडे पाठ होती. त्यामुळे तिने सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी गच्चीवरची पाण्याची टाकी कलली. मग वाळत घातलेल्या चादरी एकदम सरळ खाली गेल्या. जिन्याकडची बाजू आत बसली, बाईंची खोली, आमची खोली, वरची, खालची. मग आवाज आला. मग काही दिसेना.

धूळ खाली बसली तेव्हा सगळे पांढरे होते. कोणी रडतही नव्हतं. अध्यक्ष काका मटकन खाली बसले आणि "माझा चष्मा आत राहिला," एवढंच तीन-चारदा म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. "त्यात कोणी मरत नाही रे," त्या म्हणाल्या. शब्द एकेक करून येत होते. "सिनेमात. कितीही धावपळ झाली तरी कोणी मरत नाही. वर जाताना मला तेवढाच आधार होता. पण हा सिनेमा नाही, हे मला चौथ्या मजल्यावर कळलं."

अग्निशमनची गाडी पोचली तीही यानंतरच. संध्याकाळी पालिकेचा कारकून आला. मैदानालगतच्या शाळेतून आणलेल्या बाकावर बसून खोलीवार याद्या लिहायला लागला, रात्रीची सोय करायची होती. बाईंची पाळी आली.

"तुमच्याबरोबर कोण?"

बाईंची बोटं बाकावर टकटकली. कोळीण मावशी म्हणाली, "यो काय. नवरा तिचा." कोणी हसलं नाही. कारकुनाने पेन टेकवलं. मी सगळं खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं की माझं मनगट अजून बाईंच्या मुठीतच आहे. तिसऱ्या मजल्यावर धरलेलं, ते त्यांनी सोडलंच नव्हतं. मी पळून जाऊ नये म्हणून धरलंय, असं जिन्यात मला वाटलं होतं. त्यांचा हात पानासारखा थरथरत होता.

मी तोंड मिटलं.

आई पुढे झाली. तिच्या हातावरचा साबण वाळून त्यावर धूळ बसली होती. "आमच्यात लिहा यांना," ती कारकुनाला म्हणाली. "मी, मुलगा आणि बाई. तीन माणसं, एक खोली."

"नातं काय लिहू?"

आईने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पांढऱ्या बुटांपर्यंत.

"ते राहू दे सध्या रिकामं," ती म्हणाली. "आमचं भांडण अर्धवट राहिलंय."